ठोक्याची कुळकथा

‘गाडी ओढत नाही.’ ट्यून केलेल्या टर्बो गाडीचा मालक गॅरेजमध्ये येऊन एवढंच सांगतो. धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पूर्वीचा धक्का बसत नाही. जाणता ट्यूनर पाना उचलण्याआधी लॅपटॉप जोडतो आणि लॉगमध्ये ‘नॉक रिटार्ड’ शोधतो, म्हणजे इंजिनच्या संगणकाने ठिणगी किती अंश उशिरा टाकली ते. अशा गाडीची ताकद बऱ्याचदा तिच्या स्वतःच्या संगणकानेच आवरून धरलेली असते. त्याला इंजिनात ठोका ऐकू आलेला असतो.

ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना कडेला उरलेलं मिश्रण दाबाने तापतं आणि आपणहून एकदम पेट घेतं. दाबाची लाट भिंतींवर आदळते. घाटात गिअर न उतरवता गाडी रेटली की ऐकू येणारी खडखड ती हीच. टर्बो जास्त हवा कोंबतो तेव्हा हाच ठोका पिस्टन फोडू शकतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत या आवाजाचं खापर चार्ल्स केटरिंगवर फुटत होतं. 1912च्या कॅडिलॅकला त्याने सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीवरचं इग्निशन दिलं होतं. ठोका त्या इग्निशनमुळेच, असं बोललं जाई. केटरिंगने डेटनमधल्या आपल्या प्रयोगशाळेत थॉमस मिजलीला कामाला लावलं. मिजलीने सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख डोळ्यांनी पाहता येईल अशी सोय केली, आणि दाबाचा तो उसळता सुळका ठिणगीच्या आधी नव्हे, नंतर येतो हे दिसलं. दोष इंधनाचा होता. इंधन लाल केलं तर ते उष्णता लवकर शोषेल, या समजुतीने त्याने त्यात आयोडीन घातलं. ठोका थांबला! मग खरे लाल रंग घालून पाहिले, तर त्यांचा काडीचाही उपयोग नाही. समजूत चुकीची होती, पण रसायनाने ठोका थांबतो हे कळलं. तो शोध 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगापाशी पोचला. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. 1924मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते तयार करणारे कामगार दगावले, तरी ते पेट्रोलमध्ये राहिलं. भारतात थेट 2000 सालापर्यंत. याला मी अपघात म्हणणार नाही. तो निवडलेला मार्ग होता.

मला त्याच प्रयोगशाळेतलं दुसरं एक उपकरण जास्त मोलाचं वाटतं. सिलिंडरला एक पातळ पडदा, त्यावर टेकलेली पोलादी काडी. साध्या ज्वलनात काडी जागची हलत नाही. ठोका बसला की उडते आणि वर विजेचे दोन संपर्क जुळवते. तेवढ्या क्षणापुरता प्रवाह सौम्य गंधकाम्लातून वाहतो, वायूचे बुडबुडे निघतात. नळीत साठलेला वायू मोजला की ठोका किती, ते कळतं. कानाने ‘जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणायची गोष्ट आकड्यात आली. रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगरने 1926मध्ये आयसोऑक्टेनला 100 आणि हेप्टेनला शून्य धरून मोजपट्टी सुचवली, आणि पंपावर लिहिलेला ऑक्टेनचा आकडा त्यातून जन्मला.

1930च्या दशकात एमआयटीतल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपरने दाखवलं की ठोक्याचा सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. 86 मिलिमीटरच्या बोअरला तो साधारण साडेसहा हजार हर्ट्झ भरतो. सूर ठाऊक असला की बाकीच्या गोंगाटातून तो निवडता येतो. दाबल्यावर वीज देणारे स्फटिक क्यूरी बंधूंनी 1880मध्येच दाखवले होते; तशा स्फटिकाची चकती इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने आवळली की झाला नॉक सेन्सर. 1978च्या ब्यूक टर्बोमध्ये त्याचं ऐकून ठिणगी मागे घेतली जाई. पुढे साबने त्याच्या इशाऱ्यावर टर्बोचा दाबच उतरवायची व्यवस्था आणली.

म्हणून लॉगमध्ये रिटार्ड दिसला की पहिला प्रश्न: ठोका खरा की खोटा? टाकीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून पुन्हा लॉग काढावा. रिटार्ड उतरला, तर संगणकातला ठिणगी-इंधनाचा मॅप आधीच्या इंधनाला झेपत नव्हता, किंवा इंटरकूलर तापून आत गरम हवा जात होती. तसाच राहिला, तर सेन्सरचा बोल्ट पाहावा. तो बहुतेक गाड्यांत 20 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. खाली रंग किंवा गंज राहिला तरी सेन्सर चुकीचं ऐकतो. फोर्ज्ड पिस्टन बसवलेल्या इंजिनात तर आणखी एक घोळ: थंड असताना ते सिलिंडरच्या भिंतीवर आपटतात, आणि सेन्सरला तोही ठोकाच वाटतो. सैल हीट शील्डचंही तेच. अशा वेळी काही जण सेन्सरची वायर काढतात किंवा मॅपमध्ये त्याचं ऐकणंच बंद करतात. पिकअप परत येतो, पण पुढचा खरा ठोका इंजिन मुकाट सोसतं. योग्य उपाय वेळखाऊ आहे: इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर घ्यायचं, पिस्टनचा आवाज कोणत्या आरपीएमला, किती येतो ते नोंदवायचं, आणि सेन्सरची मर्यादा तेवढीच सरकवायची.