हुक्क्याचा भाऊ होका

उदगीरला आमच्या आजोळी फडताळात बिदरी हुक्क्याचं खालचं भांडं आहे. काळंभोर, अंगावर चांदीची वेलबुट्टी. विमानाच्या पॅनलशी त्याचं नातं निघेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक 1958 साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे फ्लाइंग क्लबांतून शिकाऊ वैमानिकांच्या हाती गेलं. अशा जुन्या विमानाचं पॅनल नवं करायचं, तर कायद्यानं कोणती उपकरणं ठेवावीच लागतात, याची यादी मी मराठीत उतरवत होतो. पहिल्याच ओळीला ‘होकायंत्र’ लिहिलं आणि अडलो. यंत्र समजलं, पण होका म्हणजे काय?

आधी यादी उरकतो. दिवसाउजेडी, डोळ्यांनी जमीन पाहत उडायचं, तर आंतरराष्ट्रीय नियम चार गोष्टी मागतो: चुंबकीय दिशा, हवेच्या दाबावरून कळणारी उंची, हवेतला वेग, आणि तास-मिनिटं-सेकंद दाखवणारी वेळ. अमेरिकेचा नियम अशा उड्डाणाला घड्याळ मागत नाही. तो इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, इंधनाची पातळी मागतो. शिवाय त्या जातीच्या विमानाला मूळ मान्यता मिळाली तेव्हाची उपकरणांची यादीही पाहावी लागते. जुने जायरो, म्हणजे फिरत्या चाकावर चालणारी उपकरणं, काढून इलेक्ट्रॉनिक पडदा बसवता येतो, चुंबकीय दिशा मात्र कुठल्याच यादीतून सुटत नाही. विमानातली वीज गेली तरी साधी सुई उत्तर सोडत नाही, ही तिची मोठी ताकद. दिशा का महत्त्वाची, ते पाहा: नांदेडहून लातूर नैऋत्येला, हवेतून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दिशा दहा अंशांनी दक्षिणेकडे चुकली आणि तेवढंच अंतर कापलं, तर खाली लातूर दिसणार नाही, औसा आणि निलंग्याच्या मधलं शिवार दिसेल.

आता होका. पहिल्यांदा मला ‘होकार’ आठवला. सुई मान डोलावून ‘हो’ म्हणते, म्हणून होका! गोड आहे, पण सुई ‘हो’ म्हणत नाही, ती एकच दिशा धरून बसते. दुसरा दावा संस्कृताचा: आपल्या खलाशांकडे ‘मत्स्ययंत्र’ होतं, तेलावर तरंगणारा लोखंडी मासा. यात तथ्य आहे असं मला वाटतं. बैलक अल-किबजाकी या अरबी लेखकानं 1282 मध्ये लिहून ठेवलंय की हिंदी महासागरातले नाखवे पाण्यावर पोकळ लोखंडी मासा सोडून दिशा पाहतात. पण त्यानं वस्तूचं वय सिद्ध होतं, शब्दाचं नाही. ‘मत्स्या’तून ‘होका’ कुठल्याही वाटेनं निघत नाही. तिसरा उमेदवार पोर्तुगीज. कोकणपट्टीनं त्यांचे किती शब्द घेतले! पण त्यांचा शब्द ‘आगुल्या’, म्हणजे सुई. त्याचाही होका होत नाही.

उत्तर फडताळात होतं. अरबीत ‘हुक्का’ म्हणजे डबी, लहान भांडं. पंधराव्या शतकातला नावाडी इब्न माजिद सुई ठेवायच्या डबीला हाच शब्द वापरतो. पुढे तंबाखू आली. मुघल दूत असद बेगनं ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली, आणि पाण्याच्या भांड्यातून धूर ओढायच्या साधनालाही त्याच भांड्याचं नाव चिकटलं. म्हणजे होका आणि हुक्का सख्खे भाऊ. आपण सुई विसरलो आणि डबीचं नाव ठेवलं!

मग एकाच शब्दाची दोन रूपं का? माझं ठाम मत असं की ते दोन वाटांनी आले. हुक्का आला खुष्कीनं, दख्खनच्या दरबारांतून. होका आला दर्यानं, गुजराती खलाशांच्या तोंडून. गुजरातीत ओढायचा हुक्का ‘होको’ आहे आणि दिशादर्शक ‘होकायंत्र’. ‘हु’चा ‘हो’ आणि ‘क्क’चा ‘क’ तिथेच झाला असणार. कुणी म्हणेल, मराठवाडा निजामाचा, शब्द हैदराबादेहून आला असेल. पण उर्दूत याला ‘कुतुबनुमा’ म्हणतात, ध्रुव दाखवणारा. निजामी वाटेनं आला असता, तर नांदेडची पोरं शाळेत कुतुबनुमा शिकली असती.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हुक्क्याच्या भांड्यात पाणी, तसा विमानातल्या साध्या होकायंत्राच्या डबीतही द्रव भरलेला असतो, सुईची थरथर शमावी म्हणून. पूर्वी तिथे अल्कोहोल असायचं, आता बहुधा केरोसिनच्या जातीचं तेल. डबी चुंबकाला न ओढणाऱ्या धातूची लागते, आणि बिदरी भांडं जस्त-तांब्याचंच. बिदरला, उदगीरपासून जवळच, आज हवाई दलाचे वैमानिक शिकतात. त्यांच्या तळाच्या गावी कारागीर अजून किल्ल्यातली माती लावून तो धातू काळा करतात.

पॅनल नवं झालं की जवळचं लोखंड आणि विजेच्या तारा सुईला बहकवतात. म्हणून विमान मोकळ्या जागेत नेऊन तीस-तीस अंशांनी फिरवतात, प्रत्येक दिशेला सुई किती चुकते ते टिपतात, आणि त्या नोंदींचं लहानसं कार्ड होक्याशेजारी चिकटवतात.