फॉरमॅट, किताबत आणि नस्तालीक

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. दुकानातून आला तसाच तो वापरायचा नाही, हे आधीच ठरवले होते. कंपनीने आत भरून ठेवलेले महिनाभराचे अँटिव्हायरस, खेळ, खरेदीची चिन्हे एकेक करून काढत बसण्यापेक्षा सगळे पुसून विंडोज नव्याने टाकलेली बरी. आपल्याकडे याला 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'मारणे' हे क्रियापद इथे कशाला, असे मला पूर्वी वाटायचे. 2006 नंतर ते वाटेनासे झाले.

चाचा, म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, मुंबईच्या एका उर्दू दैनिकात कातिब होते. त्या वर्षी त्यांचा संगणक बंद पडला म्हणून मी तो दुरुस्तीला नेला. 'डी ड्राइव्हला हात लावू नका' असे दोनदा सांगितले. संध्याकाळी संगणक झकास चालत होता आणि डी ड्राइव्ह कोरा होता. चाचांनी दोन वर्षे खपून लिहिलेल्या किताबतीच्या आठवणी त्यात होत्या. तपासायला म्हणून काढलेली 41 पाने तेवढी कागदावर उरली. चाचा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

कातिबाच्या हातात संगणक इतक्या उशिरा का आला, याचे उत्तर लिपीत आहे. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. एकच 'बे' पुढच्या अक्षराप्रमाणे आपला आकार बदलतो, नुक्ते जागा शोधत फिरतात. शिशाचे चौकोनी खिळे एका सरळ रेषेत बसतात, ही अक्षरे बसत नाहीत. 1800 साली स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने नस्तालीकचे खिळे वापरून पुस्तके छापली खरी, पण ती रीत रुजली नाही. त्याच कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरींचे मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. ती वाट मात्र पुढे रुंद होत गेली.

उर्दूला तारले ते शिळाछापाने. जर्मनीत सेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी शोधलेली ही पद्धत 1820 च्या दशकात हिंदुस्थानात आली. कातिबाने तेलकट शाईने कागदावर लिहायचे, ते दगडावर उलटे उतरवायचे आणि छापायचे. खिळे नकोत, जुळारी नको. मराठीनेही या दगडावर पाय ठेवला होता. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये काढलेले पंचांग शिळाछापाचेच. पण मराठी पुढे खिळ्यांकडे वळली, जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीला देखणे वळण दिले. उर्दू हातालाच चिकटून राहिली. दगड गेला, ऑफसेट आले, तरी वर्तमानपत्राचे प्रत्येक पान आधी कुणीतरी बोरूने लिहीत होते. चेन्नईचे 1927 साली सुरू झालेले 'मुसलमान' हे दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते.

बदल सीमेपलीकडून आला. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी एकेक अक्षर पाडण्याऐवजी अक्षरांच्या हजारो जोडण्या आपल्या हाताने लिहिल्या आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात त्या जशाच्या तशा साठवल्या. वडील नूर अहमद यांच्या नावावरून या अक्षराला 'नूरी नस्तालीक' म्हणतात. 1981 मध्ये लाहोरचे 'जंग' त्यात निघू लागले. 1994 मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' आणले आणि तेच अक्षर साध्या पीसीवर आले. तीनचार वर्षांत चाचांच्या दैनिकातले कातिब घरी बसले. चाचांनी पन्नाशीत इनपेज शिकून घेतले. यंत्रातले अक्षर चांगले आहे, पण त्याचा श्वास लागत नाही, अशी त्यांची तक्रार असे. मला ती तेव्हा हट्टी वाटायची.

इनपेजची खुबी हीच त्याची खोडही होती. विंडोजला उर्दू येवो न येवो, इनपेज आपल्या खासगी संकेतांत काम भागवत असे. त्यामुळे त्या काळातली फाइल इनपेजखेरीज कुठेही उघडली की निव्वळ कचरा दिसे. मराठीतही ठरावीक फॉन्टवर टिकलेला मजकूर असाच अडकला. भारतीय लिप्यांसाठी 1991 मध्ये 'इस्की' हे सरकारी मानक आले, पण ते ब्राह्मीकुळातल्या लिप्यांसाठी होते. उर्दूची व्यवस्था पुण्याच्या सी-डॅकला निराळी करावी लागली. दोघींना एका छपराखाली आणले ते युनिकोडने. त्याची पहिली आवृत्तीही 1991 चीच.

पण छप्पर मिळाले म्हणजे घरात बिछाना मिळतोच असे नाही. विंडोज एक्सपीच्या दिवसांत फॉरमॅट मारल्यावर मराठी मजकुराची अक्षरे विस्कटलेली दिसत. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून लिहायच्या लिप्यांच्या चौकटीत खूण करायची, मग विंडोजची सीडी घालायची. त्या एका खुणेत मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी होत्या. पुढे व्हिस्टापासून ही खूण करायची गरज उरली नाही.

या वेळी मी दुकानाच्या पायरीवर चढलो नाही. 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज 11 उतरवली, शाळेच्या फायली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका हार्ड डिस्कवर ठेवल्या. एफ12 दाबून पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले. डिस्कचे चार भाग समोर आले आणि खाली 'डिलीट'. नव्या लॅपटॉपमध्ये माझे काहीही नव्हते, हे ठाऊक असूनही बोट थांबले. एकेक भाग पुसला, मोकळी जागा निवडली, पुढे गेलो. परवान्याची किल्ली मागितली नाही, ती मदरबोर्डमध्येच असते. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र नव्हता आणि इंटरनेटशिवाय यंत्र पुढे जाऊ देईना. शेवटी फोन केबलने जोडला.

सुरू झाल्यावर आधी आठवीची मराठी प्रश्नपत्रिका उघडली. अक्षर न अक्षर जागेवर. मग उर्दूची उघडली. तीही वाचता येत होती, पण नस्ख वळणात, अरबी पुस्तकासारखी सपाट रेषेवर उभी. मायक्रोसॉफ्टने 'उर्दू टाइपसेटिंग' हा नस्तालीक फॉन्ट विंडोज 8 पासून दिला आहे, पण आता तो पूरक फॉन्टांच्या गाठोड्यात असतो. सेटिंगमध्ये उर्दू भाषा जोडावी लागते, मग तो इंटरनेटवरून उतरतो. कोऱ्या यंत्राला मराठी उपजत येते, उर्दूची नस्तालीक मागवावी लागते. मी मागवली. दोनेक मिनिटांनी फाइल पुन्हा उघडली तेव्हा ओळी उजवीकडून उतरत आल्या.

त्याच रात्री चाचांची 41 पाने कपाटातून काढली. चाचा आता नाहीत. ती पाने युनिकोडमध्ये टाइप करतो आहे, म्हणजे उद्या कुणी फॉरमॅट मारला तरी दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर ती उघडतील. तिसऱ्या पानावर बोरू कापण्याची रीत आहे, कापाचा तिरकेपणा किती हवा तेही. सातव्या पानाच्या समासात त्यांनी पेनाने एक नुक्ता दुरुस्त केला आहे. छपाईत तो अक्षरापासून जरा लांब पडला होता. माझ्या पडद्यावरही तो तसाच लांब पडतो आहे, आणि तो जवळ कसा आणावा हे मला अजून सापडलेले नाही. सध्या बाराव्या पानावर आहे.