कथा आणि वस्ती

संगणकाच्या जाळ्यावरून सहस्रावधि माणसांनीं एकत्र खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, केवळ उत्तम कथानकावर असा खेळ तगत नाहीं. 'स्टार वॉर्स: दि ओल्ड रिपब्लिक' हा खेळ 'बायोवेअर' संस्थेनें २० डिसेंबर २०११ रोजीं काढला. त्यांत आठ भूमिकांच्या आठ स्वतंत्र कथा होत्या. संवाद नटांकडून बोलवून घेतले होते. आरंभीं वर्गणीदार सुमारें १७ लक्ष झाले; मे २०१२ मध्यें १३ लक्ष उरले, आणि नोव्हेंबरांत वर्गणीवांचून खेळण्याची मोकळीक द्यावी लागली.

असें कां व्हावें? जें रचावयास लेखकांना वर्षें लागतात, तें खेळणारा कांहीं आठवड्यांत संपवितो. शिवाय आपल्या कथेंत प्रत्येकजण स्वतःच नायक. शेजाऱ्यावांचून त्याचें अडतें कोठें? उलट, २००३ सालीं आइसलंडांत निघालेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्यें बाजार, तह आणि फितुरी हीं सारीं खेळणाऱ्यांचींच. जानेवारी २०१४ मध्यें तेथें सुमारें २१ तास चाललेलें युद्ध कोणा लेखकानें रचलें नव्हतें. एका प्रदेशाची देय रक्कम भरावयाची राहिली, एवढ्यावरून तें पेटलें.

हा कथेचा दोष नव्हे. माणसें दाराशीं आणण्याचें काम तिनें चोख बजावलें. परंतु त्यांना नांदतें ठेवतो तो शेजारच.