सर्पगंधा ते अल्प्राझोलाम : मन शांत करणाऱ्या गोळीचा इतिहास



दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला करोल बागेतला अजमल खान रोड नव्यानं सांगावा लागत नाही. लग्नाची खरेदी असो की दिवाळीची, एक फेरी तिकडे होतेच. पण ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे, त्या हकीम अजमल खानांचा आपल्या घरातल्या औषधांच्या डब्याशी संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आजच्या भागात तो इतिहास पाहू. विषय आहे मन शांत करणारी औषधं, त्यांचे दुष्परिणाम आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारात त्यातून पडणारा पेच.

मी डॉक्टर नाही. पायदळात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नोएडात स्थायिक झालो. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि पुढे पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी. त्या काळात आमच्या टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या वाढत गेल्या, तशी त्यांची कुळकथा वाचण्याची मला सवय लागली. पण सुरुवात करोल बागेपासूनच करू.

हकीमसाहेबांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन 1921 साली गांधीजींनी केलं. देशी औषधं रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासावीत, असा हकीमसाहेबांचा आग्रह होता. त्यासाठी जर्मनीत शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दिकी तिथं संशोधन करू लागले. 1931 साली त्यांनी सर्पगंधेच्या मुळातून काही अल्कलॉइड वेगळी केली आणि त्यातल्या एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' असं नाव दिलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, ही मुळी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर चालते, असा लेख प्रसिद्ध केला.

पुढची पायरी मुंबईची. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं त्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं. 1954 साली अमेरिकेत डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचे त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. 1957 च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांमध्ये वकील आणि क्लाइन या दोघांचीही नावं होती.

यानंतर या गोष्टीला वळण लागलं. रिसर्पिन घेणाऱ्यांचं नाक चोंदायचं, सुस्ती यायची. मोठ्या डोसात हातपाय कंपवातासारखे ताठ व्हायचे. काही जण घोर निराशेत गेल्याच्या नोंदीही येऊ लागल्या. मन शांत करणारं औषध काहींचं मन बुडवत होतं.

त्यानंतर सप्टेंबर 1974 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तीन अभ्यास एकदमच आले. बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी अशा तीन ठिकाणांहून एकच इशारा आला होता : रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर जास्त दिसतो. शंकेला आधारही होता. रिसर्पिनमुळे मेंदूतलं डोपामिन कमी होतं, त्यामुळे प्रोलॅक्टिन हा हार्मोन वाढतो आणि प्रोलॅक्टिनचा संबंध थेट स्तनाशी आहे. लाखो लोकांच्या घरात असलेल्या गोळीबद्दल हे वाचून काय घबराट झाली असेल, याची कल्पना करा.

पुढे अनेक अभ्यास झाले आणि बहुतेकांत तसा ठोस संबंध दिसला नाही. सुरुवातीच्या काही अभ्यासांत तुलनेसाठी रुग्ण निवडताना हृदयविकार आणि रक्तदाबाचे रुग्ण वगळले होते. म्हणजे रिसर्पिन घेणारेच बाजूला काढले गेले आणि कॅन्सरच्या गटात रिसर्पिन वाजवीपेक्षा जास्त दिसलं. ही चूक 1985 साली हॉर्विट्झ आणि फाइन्स्टाइन यांनी दाखवून दिली. आधी गोळीचं वारेमाप कौतुक झालं, मग तितकीच वारेमाप भीती पसरली. दोन्ही वेळा सावकाश मोजणारी माणसं मागाहून आली.

तोवर बाजारात दुसरं घराणं रुजलं होतं. 1957 साली अमेरिकेत लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत टेबलं साफ करताना जुनं, न तपासलेलं एक संयुग सापडलं. तेच 1960 चं लिब्रियम. 1963 साली व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम आलं. लोराझेपाम आणि अल्प्राझोलाम त्याच घराण्यातले. बेन्झोडायझेपिन म्हणतात ते हेच. जुन्या बार्बिट्युरेटपेक्षा ही औषधं खरोखरच सुरक्षित होती, त्यामुळे निर्धास्तपणे दिली गेली. सवय लागते आणि एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात, हे नीट उमगायला दोन दशकं गेली. आपल्याकडे अल्प्राझोलाम आणि डायझेपाम 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. दुकानदाराला डॉक्टर आणि रुग्ण यांची नावं वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं जपावी लागते.

आता या इतिहासाचा आपल्या घराशी संबंध पाहू. केमोच्या आधी पत्नीला लोराझेपाम मिळायचं. केमोच्या खोलीत शिरण्याआधीच होणारी मळमळ त्यानं खरंच कमी व्हायची. पण रात्री बाथरूमला उठली की तोल जायचा, म्हणून पलंगापासून दारापर्यंत रात्रभर दिवा चालू ठेवायचो. मेनोपॉजनंतर लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या स्त्रियांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. त्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, झोपेच्या गोळीनं तोल जातो आणि दोन्ही मिळून खुब्याचं हाड मोडतं. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखं वेदनाशामक सोबत असेल तर श्वास मंदावण्याचा धोका आहे. ती जोडी डॉक्टरांच्या नजरेखालीच हवी.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक अस्वस्थता ही भीती नसते. केमोसोबत मिळणाऱ्या डेक्सामिथासोननं रात्र रात्र डोळा लागत नाही. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनं काहींना अशी तगमग होते की पाय एका जागी ठरत नाहीत. त्यावर भीतीची गोळी वाढवण्याआधी, ही तगमग आधीच्या गोळीची तर नाही ना, हे विचारलं पाहिजे.

सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र पत्नीनं विचारला. उपचार संपल्यावरही तिची धास्ती जात नव्हती. एका दवाखान्यात तिला पॅरॉक्सेटिन लिहून दिलं. आधी काय चालू आहे, हे कोणी विचारलं नाही. घरी येऊन ती म्हणाली, "अहो, ही गोळी माझ्या टॅमॉक्सिफेनला चालेल का, ते आधी विचारूया." कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पॅरॉक्सेटिन सुरूच करू दिलं नाही, दुसरं औषध दिलं.

कारण असं. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातलं सीवायपी-2-डी-6 नावाचं एन्झाइम त्याचं एंडॉक्सिफेन बनवतं आणि खरं काम तेच करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन हे एन्झाइम जोरात अडवतात. 2010 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओच्या 2,430 स्त्रियांचा अभ्यास आला. टॅमॉक्सिफेनसोबत पॅरॉक्सेटिन जितके जास्त दिवस चाललं, तितके ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जास्त आढळले. नंतरच्या काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही, म्हणजे इथंही रिसर्पिनसारखीच वादाची दुसरी बाजू आहे. पण फरक असा की व्हेनलाफॅक्सिनसारखी हे एन्झाइम फारसं न अडवणारी औषधं हाताशी आहेत. दुसरी वाट मोकळी असताना शंकेच्या वाटेनं कशाला जायचं? मात्र कुणी आधीपासून पॅरॉक्सेटिन घेत असेल, तर हे ऐकून मनानं बंद करू नका. तेही हळूहळूच उतरवावं लागतं.

सर्पगंधेपासून आजपर्यंत मला एकच गोष्ट दिसते. गोळी कधी एकटी पोटात जात नाही. आधीचं औषध, वय, हाडं आणि झोप हे सगळं तिच्यासोबत असतं. म्हणून घरात एक वही ठेवा. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, कुणी लिहून दिलं, घेतल्यावर काय वाटलं, हे सगळं त्यात लिहा. आयुर्वेदिक चूर्णं आणि काढेही लिहा, सर्पगंधा तर नक्कीच. प्रत्येक डॉक्टरांसमोर ती वही उघडा.

आणि भीती वाटते हे सांगायला लाजू नका. आपल्या बायका दुखणं सांगतात, धास्ती गिळतात. धास्तीवर इलाज आहे. कधी तो गोळीत असतो, कधी समुपदेशनात, तर कधी रात्री चालू ठेवलेल्या दिव्यात. वकील, सिद्दिकी यांच्यासारख्या माणसांनी तो शोधण्यात आयुष्यं घातली. तो इलाज नाकारू नका, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.