तारप्याचा कर्णा आणि ध्वनीची किंमत

ध्वनी पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रांपैकी ज्यांना व्यापारात 'हाय-एंड', म्हणजे सर्वोच्च श्रेणीची, म्हटले जाते, त्यांतील एखाद्या स्पीकर-जोडीची किंमत मोटारीच्या किमतीलाही मागे टाकते. या किमतीमागे श्रीमंतांची हौस आहे असे काही जण म्हणतात, तर निर्दोष ध्वनीला तेवढे मोल पडणारच असे इतर सांगतात. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य असले, तरी हाताने घडणाऱ्या आणि कानाने जुळवल्या जाणाऱ्या वस्तूंचे मोल काळानुसार का चढत जाते, हे त्यांतून उलगडत नाही. ते समजून घ्यायला पालघर जिल्ह्याचा इतिहास अधिक उपयोगी आहे, कारण वारली, कोकणा आदी आदिवासी समाजांचा तारपा आणि बोईसर-तारापूरची कारखानदारी या भूमीत एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत.

तारपा हे फुंकून वाजवण्याचे वाद्य. वाळलेला दुधी भोपळा आतून कोरून त्याची हवेची पोकळी करायची, तिच्यात बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवायच्या, नळ्यांच्या तोंडाशी बांबूच्याच पातळ जिभल्या, म्हणजे हवेच्या दाबाने थरथरून स्वर निर्माण करणाऱ्या पट्ट्या, ठेवायच्या आणि खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळत रुंदावत नेलेला कर्णा जोडायचा, अशी त्याची रचना असते. यातील एकही सामग्री महाग नाही. भोपळा परसात पिकतो, बांबू आणि ताड शिवारात मिळतात, मेण मधमाश्यांच्या पोळ्यातून येते. अवघड आहे ती जुळवणी. जिभलीचे टोक किंचित खरवडले तर स्वर चढतो, त्यावर मेणाचा कण ठेवला तर उतरतो, आणि दोन्ही नळ्या एकाच भोपळ्यातील श्वासावर चालत असल्यामुळे एकीत केलेला बदल दुसरीशी पुन्हा ताडून पाहावा लागतो. शिवाय वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा फुंकत राहतो, म्हणून स्वर अखंड चालतो; त्या दीर्घ फुंकीखाली स्थिर राहील अशी जिभली निवडणे हे मोजपट्टीचे काम नसून अनेक वर्षांच्या सरावाने तयार झालेल्या कानाचे काम आहे.

कर्ण्याचे कार्य ध्वनिशास्त्रातही तितकेच महत्त्वाचे मानले जाते. लहानशी जिभली स्वतःहून फारच थोडी हवा हलवू शकते. अरुंद तोंडापासून हळूहळू रुंदावणारा मार्ग मिळाला की तिची कंपने बाहेरच्या मोकळ्या हवेला अधिक कार्यक्षमतेने सोपवली जातात, आणि म्हणूनच नव्या भाताच्या दिवसांपासून दिवाळीपर्यंत उघड्यावर, रात्रीच्या वेळी, फेर धरून नाचणाऱ्या मोठ्या समूहाला एकाच वाद्याचा आवाज पुरतो. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील होप या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये ज्या स्पीकरच्या उत्पादनासाठी कंपनी काढली, त्या क्लिप्शहॉर्नमध्येही हेच तत्त्व आहे. तेथे अडचण खर्जाची, म्हणजे खालच्या स्वरांची, होती. सेकंदाला ५० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते, आणि इतकी लांब लाट सांभाळणारा कर्णा सरळ बांधला तर तो घरात मावणार नाही. म्हणून क्लिप्श यांनी तो लाकडी पेटीत दुमडून बसवला आणि खोलीच्या कोपऱ्यातील दोन भिंतींनाच त्याचे उरलेले तोंड बनवले. खर्ज महाग पडतो तो असा: त्याला जागा लागते, जाड लाकूड लागते, न थरथरणारी पेटी लागते, आणि ती कुशल सुताराकडूनच घडवून घ्यावी लागते.

ध्वनिवर्धकाची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, गोष्ट याहून वेगळी नाही. ज्याला 'अ' वर्गाचा ध्वनिवर्धक म्हणतात, त्यात ट्रान्झिस्टरमधून गाणे वाजत नसतानाही पूर्ण प्रवाह वाहत ठेवतात, जेणेकरून स्वराच्या लहरीचा आकार कोठेही तुटू नये. पण त्यामुळे विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि ती बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या जड पट्ट्या व तांब्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यावर एकसारख्या गुणांच्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या निवडण्याचे श्रम आणि संशोधनाचा खर्च मोजक्याच ग्राहकांवर वाटला जाणे यांचा भार चढतो. भारतात आयात शुल्क व कर त्यात मिळतात. २००१ पर्यंत तर अनेक ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंधच होते.

परंतु हाताच्या कामाचे मोल चढत जाण्याचे सर्वांत मूलगामी कारण विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. चार वादकांचे चतुष्टय वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो, तर कारखान्यात यंत्रांमुळे त्याच वेळात कितीतरी अधिक माल निघू लागतो व त्या जोरावर मजुरी वाढते. मग हाताच्या कामातील माणसालाही तितकीच मजुरी द्यावी लागते, नाहीतर तो काम सोडून जातो. हा सिद्धांत बोईसरमध्ये डोळ्यांनी पाहता येतो. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली, औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले, आणि आसपासच्या पाड्यांवरच्या तरुणापुढे रोजंदारीचा एक ठोस आकडा आला. जिभली जुळवण्यात गेलेला प्रत्येक दिवस आता त्या आकड्याने मोजता येतो, पूर्वी तो मोजला जात नव्हता.

पूर्वी न मोजण्यामागे केवळ निरागसता नव्हती. डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत जमीनदार व सावकार वारल्यांकडून वेठ, म्हणजे विनामोबदला सक्तीचे काम, करून घेत, आणि लग्नाच्या कर्जापोटी कुटुंबे 'लग्नगडी' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधली जात. १९४५ मध्ये किसान सभा या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली, तिचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने, वारल्यांनी या पद्धतीविरुद्ध उठाव केला. ज्यांच्या शेतातल्या दिवसालाही मोल नव्हते, त्यांच्या वाद्यावरील दिवसांना बाजार कोणते मोल देणार होता? तारप्याची 'स्वस्ताई' ही या इतिहासाचीही देणगी आहे, आणि ती परंपरेचा गुण म्हणून गौरवणे अन्यायाचे आहे.

पुढे वाद्याला नव्हे, तर वारली भिंतीचित्रांतील तारप्याच्या चित्राला किंमत आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसमधील एका जगप्रसिद्ध प्रदर्शनात मांडली गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तारप्याभोवतीचा नाच भिंतीवरून कागदावर, कापडावर आणि भेटवस्तूंवर पोहोचला. चित्र टिकते आणि त्याच्या प्रती निघतात; भोपळा मात्र तडकतो, मेण उन्हाने मऊ पडते, पानांचा कर्णा फाटतो, आणि ते वाद्य नव्याने करण्याचे काम पुन्हा त्याच कसबी हातांकडे येते. क्लिप्शहॉर्नच्या खरेदीदाराकडून सुताराचे आणि जुळवणी करणाऱ्याचे तास आज निःसंकोच वसूल केले जातात. तोच हिशेब तारप्याला लावून, तारापूरचा रोज पाया धरून, करणाऱ्याचे दिवस आणि शिकण्यात गेलेली वर्षे जमेस धरली, तर हे वाद्य शोभेच्या वस्तूच्या भावाने विकत घेणाऱ्या कोणालाही ते परवडणार नाही.