नाशिक रोडची टपाल तिकिटे : वसाहतोत्तर चित्रपरंपरा

स्वातंत्र्य मिळालेल्या देशाने ब्रिटिश राजाचा चेहरा उतरवून त्या जागी काय लावले, याचा छोटेखानी पण पक्का पुरावा नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसच्या तिकिटांत मिळतो. भारताची तिकिटे पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ मध्ये उभारलेल्या या प्रेसमुळे ते काम इकडे आले. चेहरा मात्र राजाचाच राहिला.

राजाच्या चेहऱ्याची ही तिकिटे भारताबाहेरही चालत. बहरीन बेटांवर तेव्हा टपालाचा कारभार भारतीय खात्याकडे होता. तेथे १९३३ पासून भारतीय तिकिटांवरच वरून ‘बहरीन’ अशी रोमन अक्षरे छापून ती विकली जात. राजा लंडनचा, तिकीट हिंदुस्थानचे आणि बेटाच्या वाट्याला आले ते फक्त नाव. १९४७ मध्ये ‘पाकिस्तान’ ही अक्षरेही याच प्रेसने राजाच्या चित्रावर उमटवली.

२१ नोव्हेंबर १९४७ रोजी तिरंगा आणि ‘जय हिंद’ असलेले साडेतीन आण्यांचे तिकीट निघाले. खरा पालट १५ ऑगस्ट १९४९ च्या सोळा तिकिटांच्या मालिकेत दिसतो : अजिंठा, कोणार्क, सांची, गोलघुमट, ताजमहाल. नऊ पैंच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती आली. पोर्तुगीज अमलात मोडतोड सोसलेल्या बेटावरचे हे शिल्प आता घरोघरच्या पाकिटांवर डकवले जाऊ लागले. एक आण्याच्या तिकिटावरील बोधिसत्त्व मात्र उलटा छापला गेला, डावा हात उजवीकडे; १९५० मध्ये चित्र सुलट करून तिकीट पुन्हा काढावे लागले.

वसाहतीनंतर भूतकाळ नव्याने मांडताना एमे सेझेर, डेरेक वॉल्कॉट या कॅरिबियन बेटांवरच्या कवींपुढे गुलामगिरीने तोडलेल्या स्मृतीचा प्रश्न होता. भारतापुढे अडचण वेगळी होती. वारसा उदंड, पण त्याची मोजदाद केली होती ती १८६१ मध्ये ब्रिटिशांनीच स्थापलेल्या पुरातत्त्व खात्याने. १९४९ च्या मालिकेतली निवड बरीचशी त्याच वहिवाटेने झालेली दिसते. शेतकरी, गिरणीकामगार, लोककलावंत यांना तीत जागा नाही.

चित्रांच्या निवडीप्रमाणे छपाईही पूर्णपणे आपली नव्हती. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींची १९४८ ची स्मृतितिकिटे तर स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए या मुद्रणालयात छापली गेली. १ ऑक्टोबर १९५२ च्या संतकवी मालिकेपासून नाशिक रोडला फोटोग्रॅव्ह्यूर, म्हणजे छायाचित्रावरून साचा कोरून केलेली, छपाई सुरू झाली आणि कबीर, मीरा, गालिब यांचे चेहरे तेथेच छापून निघाले.