जळकोटच्या घरातले एक युनिट : स्वस्त विजेच्या आश्वासनांचा इतिहास

१/१० जळकोट हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. तेथील घरात खर्च होणाऱ्या एका युनिटचा दर गावात ठरत नाही. त्यामागे शतकभराचे निर्णय उभे आहेत. घरगुती वीज स्वस्त होईल काय, हा आजचा प्रश्न त्या निर्णयांच्या प्रकाशातच नीट समजतो.

२/१० १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राचे उद्घाटन झाले. सह्याद्रीवर अडवलेले पावसाचे पाणी उतरवून निर्माण केलेली ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. जळकोटचा परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वीज प्रथम मोठ्या ग्राहकाकडे गेली. खेड्यातल्या घराची पाळी फार उशिरा आली.

३/१० मराठवाडा १९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. दूरच्या गावापर्यंत तारा नेण्याचा खर्च शहरापेक्षा अधिक असतो. तरीही मंडळाच्या क्षेत्रात गाव आणि शहर यांना समान घरगुती दर मिळाला. खेड्यातील घरासाठी ही मोठी सवलत होती, जरी ती बिलावर कधी छापली गेली नाही.

४/१० पहिले मोठे आश्वासन पाण्याचे. कोयना प्रकल्पातून १९६२ पासून वीज मिळू लागली. धरण बांधून झाल्यावर इंधनाचा खर्च उरत नाही, म्हणून ही वीज स्वस्त. परंतु तिला मर्यादा आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीपुरते सीमित केले. स्वस्त वीज होती, पण वाढत्या मागणीला पुरेल इतकी नव्हती.

५/१० दुसरे आश्वासन कोळशाचे. १९७१ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र सुरू झाले आणि वीजनिर्मिती मराठवाड्याच्या अंगणात आली. मात्र कोळसा दुरून रेल्वेने आणावा लागे आणि केंद्राला पाणीही लागे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. इंधन महागले की त्याचा भार ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून घरच्या बिलात उतरतो.

६/१० तिसरे आश्वासन खासगी भांडवलाचे. डिसेंबर १९९३ मध्ये मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदी करार केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज कमी घेतली तरी प्रकल्पाच्या क्षमतेचे पैसे द्यावेच लागत आणि डॉलरशी निगडित किंमत रुपया घसरताच वाढे. २००१ मध्ये हे केंद्र बंद पडले. यंत्र उत्तम असूनही वाईट करार वीज महाग करतो, हा दाभोळचा धडा.

७/१० १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला. २००३ च्या कायद्यानुसार २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. पूर्वी बंद दाराआड ठरणाऱ्या दरांवर आता जनसुनावणी होते. सामान्य ग्राहकही तेथे आक्षेप नोंदवू शकतो.

८/१० बिलाकडे पाहिले की हा इतिहास दिसतो. स्थिर आकार वीज वापरली नाही तरी लागतो. वीज आकार निर्मितीचा, वहन आकार तारांचा. त्यावर राज्याचे वीज शुल्क. शिवाय क्रॉस सबसिडी आहे : शेतीपंपाचा दर खर्चापेक्षा कमी ठेवण्यासाठी उद्योग आणि व्यापारी ग्राहक अधिक मोजतात, उरलेला भार सरकारी अनुदान उचलते. स्वस्त आणि फुकट यांचा खर्च कोणाच्या तरी खात्यावर पडतोच.

९/१० चौथे आश्वासन सूर्याचे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा सुमारे ३ रुपये युनिटची सौर वीज देण्याचा प्रयत्न आहे; तो यशस्वी झाल्यास इतर ग्राहकांवरील बोजा हलका होऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, तर ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देते. लहान कुटुंबाची गरज त्यात भागू शकते.

१०/१० तरी अडथळे जुनेच आहेत. अनुदान वजा जाता उरणारी रक्कम प्रत्येकाकडे नसते. माळवदाचे वा पत्र्याचे छप्पर पॅनेल पेलेलच असे नाही. भाडेकरूचे छप्परच स्वतःचे नसते. शिवाय सूर्य मावळल्यावर दिवे लागतात, तेव्हा कोयनेचे पाणी आणि कोळसा लागतोच. पाणी, कोळसा, भांडवल आणि सूर्य : वीज निर्माण करणे स्वस्त झाले म्हणून घरात ती आपोआप स्वस्त झाली नाही. करार कोणाच्या हिताचा, गळती किती आणि भार कोणावर, हे प्रत्येक वेळी निर्णायक ठरले. जळकोटच्या पुढच्या बिलाचा निकालही तेथेच लागेल.